पोतं फळीवर आपोआप वर चढतं का? उतारावरच्या गणितात घर्षण कुठे चकवतं

आंधळगाव म्हटलं की भंडारा जिल्ह्यात आधी आठवतं ते कोशाचं कापड. पण मोहाडी तालुक्यातल्या या गावाच्या आजूबाजूला शेती आहे ती धानाची. दिवाळीच्या सुमारास धान निघतं, पोत्यांत भरलं जातं आणि ट्रॉलीत किंवा ट्रकमध्ये चढवलं जातं. जमिनीपासून ट्रकच्या फाळक्यापर्यंत एक लाकडी फळी टेकवली, की अकरावीच्या फिजिक्समधलं, भल्याभल्यांना चकवणारं एक गणित तयार होतं.

सरकारी खरेदीत धानाचं पोतं 40 किलोचं असतं. गुरुत्वीय त्वरण सोयीसाठी 10 धरलं तर त्याचं वजन 400 न्यूटन. हे बल सरळ खाली जमिनीकडे असतं, पण पोतं सरकणार ते फळीच्या दिशेने. म्हणून वजनाचे दोन घटक करायचे: एक फळीला समांतर, दुसरा फळीला लंब. समांतर घटक म्हणजे वजन गुणिले साइन, लंब घटक म्हणजे वजन गुणिले कॉस. यात उलटापालट होत असेल, तर फळी पूर्ण आडवी आहे असं समजून बघावं. आडव्या फळीवर पोतं स्वतःहून सरकत नाही, म्हणजे समांतर घटक शून्य हवा. शून्य अंशाला शून्य होतो तो साइन.

आता फळीचा कोन 20 अंश घेऊ आणि पोतं व फळी यांच्यातला स्थितिक घर्षण गुणांक 0.5 मानू. पोत्याला खाली ओढणारं बल 137 न्यूटन. फळीवरचा लंब दाब 376 न्यूटन, त्याला 0.5 ने गुणलं की घर्षण आलं 188 न्यूटन. पुष्कळ विद्यार्थी इथे 137 मधून 188 वजा करतात आणि उत्तर येतं उणे 51. म्हणजे कुणी हातही न लावता पोतं फळीवरून वर चढू लागलं! असं झालं असतं तर हमालांची गरजच उरली नसती.

गडबड वजाबाकीत नाही, घर्षणाच्या समजुतीत आहे. 188 न्यूटन ही घर्षणाची कमाल मर्यादा आहे. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा दोन लाख असली म्हणून कुणाच्या नावावर लगेच दोन लाखांचं कर्ज चढत नाही. जितके उचलले तितकेच. स्थितिक घर्षणही तसंच. पोतं थांबवायला 137 लागतात, म्हणून घर्षण 137 च असतं. गुणांक गुणिले लंब बल हे सूत्र पोतं सरकण्याच्या अगदी काठावर असतानाच लागू होतं. म्हणून गणितात पहिला प्रश्न हवा: वस्तू मुळात हलते का?

फळी हळूहळू उभी करत नेली तर समांतर घटक वाढतो आणि लंब दाब कमी होतो, म्हणजे घर्षणाची मर्यादाही घटते. दोन्ही बाजूंनी कोंडी. ज्या कोनाचा टॅन्जन्ट 0.5 आहे, त्या साधारण 26.6 अंशांवर पोतं निसटतं. गंमत म्हणजे या हिशोबात वस्तुमान दोन्हीकडून कटून जातं. पोतं 40 किलोचं असो वा 80 चं, पृष्ठभाग तेच असतील तर कोन तोच.

30 अंशांवर खालचं बल 200 आणि घर्षणाची मर्यादा 173. पोतं सुटलं. सुटल्यावर घर्षण गतिक होतं आणि ते सहसा कमी असतं. गुणांक 0.4 धरला तर 139 न्यूटन. उरले 61, त्यांना 40 ने भागलं की त्वरण सुमारे 1.5 मीटर प्रति सेकंद वर्ग.

वर ढकलताना

पोतं वर ढकलायचं असेल तर घर्षणाची दिशा उलटते. ते आता खाली ओढतं, म्हणजे ढकलणाऱ्याच्या विरोधात. 20 अंशांवर पोतं हलवायलाच 137 अधिक 188, म्हणजे 325 न्यूटन लागतात. 37 अंशांवर हा आकडा 240 अधिक 160, म्हणजे पूर्ण 400 होतो. त्याहून उभ्या फळीवर ढकलण्यापेक्षा सरळ उचलायला कमी बल लागेल. कामाचा हिशोब तर आणखी बोलका आहे. पोतं एक मीटर वर न्यायला 400 ज्यूल पुरतात, पण 20 अंशांच्या फळीवरून घासत नेलं तर 840 च्या आसपास खर्च होतात. हमाल फळीवरून पोतं ढकलत नाहीत, पाठीवर घेऊन चढतात, यामागे हेच शहाणपण आहे. पोत्याचं घर्षण टळतं, आणि तळव्यांचं घर्षण उलट पाय धरून ठेवतं.

चाकं आली की घासणं जवळजवळ संपतं, पण मग उतरताना धरून ठेवायला ब्रेकशिवाय काही उरत नाही. याचा महाराष्ट्रातला सर्वात ठळक नमुना म्हणजे 1863 मध्ये सुरू झालेला बोरघाटातला रेल्वेमार्ग. तिथला सर्वात तीव्र चढ 37 ला 1, म्हणजे जेमतेम दीड अंश. फळीवरचं पोतं इतक्या उताराची दखलही घेणार नाही. पण 1000 टनांची गाडी तिथे 27 टन वजनाएवढ्या बलाने खाली खेचली जाते. म्हणून चढताना कर्जतला जादा इंजिनं जोडतात. उतरताना सगळी भिस्त चाक आणि रूळ यांच्यातल्या घर्षणावर असते. पावसात रूळ ओले झाले की त्याची मर्यादा घटते, आणि चाक जाम होऊन घसरू लागलं तर ती आणखी खाली येते. त्यासाठी घाटात मुख्य मार्गातून फुटणाऱ्या, वर चढत जाणाऱ्या छोट्या मार्गिका ठेवलेल्या आहेत. ताबा सुटलेली गाडी तिकडे वळते, आणि जो समांतर घटक तिला खाली ओढत होता, तोच चढावर तिचा वेग कमी करत नेतो.