नमुन्याशी पडताळा

सोलापुरात हा विषय मांडताना आम्हांस दृष्टान्तासाठी दूर जावे लागत नाही. जॅकार्डच्या मागावर मोर उमटवावयाचा, तर त्याचे चित्र आधी चौकटीच्या कागदावर काढतात. मग त्या चौकटींबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडतात. चित्र बिनचूक आणि विणकर कुशल असूनही भोके चुकली, तर प्रत्येक चादरीवर मोराची मान वाकडीच येणार!

संगणकाच्या राज्यात भोके पाडण्याचे हे काम 'कंपायलर' करतो. माणसाने लिहिलेली आज्ञावली तो यंत्राच्या भाषेत उतरवितो. तोच चुकला, तर बँकेचे व्याज चुकेल आणि आज्ञावली लिहिणारा बिचारा आपल्याच लिखाणात दोष धुंडाळीत बसेल.

म्हणून कंपायलरची परीक्षा घेतात. लहान लहान आज्ञावल्या त्याच्याकडून उतरवून घ्यावयाच्या, चालवावयाच्या आणि आलेले उत्तर आधी लिहून ठेवलेल्या उत्तराशी ताडून पाहावयाचे. १९८७ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'जीसीसी' या कंपायलरजवळ अशा हजारो परीक्षा आहेत. एवढ्या उत्तरांपुढे माणसाचा डोळा थकतो. म्हणून तेथे 'डेजाग्नू' नावाची व्यवस्था हा पडताळा आपोआप करते आणि पास-नापास नोंदविते. ठाऊक असलेला जुना दोष 'अपेक्षित नापास' म्हणून वेगळा लिहितात, म्हणजे नवा दोष त्याच्या आड दडत नाही.

मात्र अक्षरास अक्षर जुळविणे नेहमीच शहाणपणाचे नसते. उत्तरात तारीख किंवा स्मृतीतील पत्ता आला, तर तो दर वेळी बदलणारच. अशा जागा नमुन्यात मोकळ्या सोडतात. पण त्या फार मोकळ्या सोडल्या, की खरी चूकही त्यांतून निसटते.

आता मुख्य प्रश्न: नमुना बरोबर कशावरून? सी भाषेत उणे ७ ला २ ने भागल्यास पूर्णांक उत्तर उणे ३ यावे, असा १९९९ च्या प्रमाणग्रंथाचा नियम आहे. कंपायलरने उणे ४ दिले आणि कोणी घाईने तेच नमुना म्हणून उतरवून ठेवले, तर पुढे यंत्र त्या चुकीलाच रोज पास करील आणि चूक दुरुस्त करणाऱ्यास नापास ठरवील!

यंत्र जुळते की नाही एवढेच सांगते. बरोबर काय, हे नियम वाचून माणसानेच ठरवावयाचे असते. परीक्षा नापास झाली, की नमुना बदलण्यापूर्वी आपण नियम उघडून पाहावा, एवढेच आमचे सांगणे आहे.