थंडीची वाट पाहणारी अंडी

मिरजगावसारख्या कर्जत तालुक्यातल्या दुष्काळी पट्ट्यात तुती लावून रेशीमकोष काढायचे, तर अंडीपुंजांतून अळ्या एकाच वेळी निघायला हव्यात. मागेपुढे झाल्या की सगळी बॅच विस्कटते. पण द्विप्रज जातीची अंडी मुळातच झोपाळू. नुसत्या उबेने ती फुटत नाहीत.

या झोपेचा हुकूम आईकडून येतो. ती स्वतः अंड्यात असताना २५ अंश ऊब आणि उजेड मिळाला असेल, तर पुढे कोषावस्थेत तिच्या अन्ननलिकेखालच्या चेतागुच्छातून एक संप्रेरक पाझरते आणि अंडाशयात ग्लायकोजेन साठते. १५ अंश आणि अंधार मिळाला असेल, तर ते पाझरत नाही. १९५०च्या सुमारास जपानमध्ये फुकुदा व हासेगावा यांनी या संप्रेरकाचा छडा लावला. १९९१ मध्ये त्याची २४ अमिनो आम्लांची साखळी उलगडली.

अशी अंडी पिवळ्याची गडद होतात, ग्लायकोजेनचे सॉर्बिटॉल बनते आणि वाढ थांबते. झोप मोडते ती थंडीने. सुमारे ५ अंशांत दोन महिने काढल्यावर सॉर्बिटॉलचे पुन्हा ग्लायकोजेन होते. मग भ्रूणातले एकडायसोन हे संप्रेरक वाढीला चालना देते.

आपल्याकडे एवढी सलग थंडी कुठली? म्हणून अंडी शीतगृहात ठेवतात, किंवा घातल्यापासून सुमारे २० तासांनी हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून ती झोपच टाळतात. शेडमध्ये वेळेवर निघालेल्या अळीमागे असा तिच्या आईच्या अंड्यातला उन्हाळा आणि माणसाने उभा केलेला हिवाळा असतो.