फ्रँकेन्स्टाईन कोणाचे नाव?

चपटे डोके, रुंद कपाळ, मानेत ठोकलेले खिळे आणि जड पावले टाकत येणारा एक उंच राक्षस. हे चित्र तुम्ही सिनेमात, व्यंगचित्रात किंवा एखाद्या खेळण्यावर पाहिले असेल. त्याचे नाव विचारले, तर बहुतेक जण ‘फ्रँकेन्स्टाईन’ असे सांगतात. हे उत्तर चुकीचे आहे. फ्रँकेन्स्टाईन हे त्या राक्षसाला बनवणाऱ्या माणसाचे नाव आहे. राक्षसाला नावच नाही. शिवाय मूळ पुस्तकात त्याच्या मानेत खिळे नाहीत आणि तो मुकाही नाही. तो फार चांगले बोलतो. त्याचे बोलणे वाचले, की याला राक्षस म्हणावे की नाही, असा प्रश्न पडतो.

हे पुस्तक मेरी शेली या इंग्रज लेखिकेने लिहिले. तिचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ रोजी लंडनमध्ये झाला. तिची आई मेरी वुलस्टनक्राफ्ट स्त्रियांच्या हक्कांविषयी लिहिणारी नामवंत लेखिका होती. वडील विल्यम गॉडविन हेही प्रसिद्ध लेखक होते. मेरीच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत तिची आई वारली. मेरी आईला ओळखत होती, ती फक्त आईच्या पुस्तकांतून.

१८१५ च्या एप्रिल महिन्यात इंडोनेशियातील तांबोरा या ज्वालामुखीचा फार मोठा स्फोट झाला. त्याची धूळ आकाशात इतकी पसरली, की पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा जाणवलाच नाही. त्या १८१६ च्या जून महिन्यात मेरी स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाच्या सरोवराकाठी राहत होती. तिच्यासोबत कवी पर्सी शेली होता. त्याच वर्षाच्या शेवटी त्या दोघांचे लग्न झाले. जवळच कवी बायरन राहत असे. पाऊस थांबेना, म्हणून सारे जण घरात बसून भुताखेतांच्या गोष्टी वाचू लागले. एके दिवशी बायरन म्हणाला, की आपण प्रत्येकाने एकेक गोष्ट लिहावी. मेरीला कितीतरी दिवस काही सुचेना. मंडळी विचारत, “सुचले का?” आणि तिला नाही म्हणावे लागे.

त्या काळी विजेच्या प्रयोगांची मोठी चर्चा होती. विजेमुळे मेलेल्या बेडकाचा पाय हलतो, हे इटलीतील गॅल्व्हानी या शास्त्रज्ञाने दाखवले होते. त्याच्या पुतण्याने, आल्दिनीने १८०३ साली लंडनमध्ये फाशी दिलेल्या एका गुन्हेगाराच्या मृतदेहावर असा प्रयोग केला. तेव्हा त्या मृतदेहाचा जबडा हलला आणि एक डोळा उघडला! जीव म्हणजे काय, तो निर्माण करता येईल का, अशा गप्पा एका रात्री बराच वेळ चालल्या. मेरी झोपायला गेली, पण तिला झोप येईना. मिटलेल्या डोळ्यांपुढे तिला एक तरुण दिसला. आपणच जोडून तयार केलेल्या देहाशेजारी तो गुडघे टेकून बसला होता आणि तो देह हलू लागला होता. तेव्हा मेरी अवघी अठरा वर्षांची होती.

गोष्टीतला व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईन हा जिनिव्हाचा तरुण. तो शिकण्यासाठी जर्मनीतील इंगोलश्टाट येथे जातो. तेथे तो निरनिराळ्या ठिकाणांहून हाडे आणि अवयव गोळा करतो, त्यांपासून आठ फूट उंचीचा देह बनवतो आणि नोव्हेंबरच्या एका रात्री त्यात प्राण आणतो. हे त्याने नेमके कसे केले, ते पुस्तकात सांगितलेले नाही. विजांचा तो सगळा लखलखाट सिनेमावाल्यांचा आहे. डोळे उघडलेला तो जीव पाहताच व्हिक्टर घाबरतो आणि त्याला तसाच टाकून पळतो. त्या नव्या जिवाने त्याच्याकडे हात पुढे केला होता. माझ्या मते, खरी गोष्ट येथे सुरू होते. जन्म देणारा पळाला, आता जन्मलेल्याने काय करायचे?

तो रानात शिरतो. कंदमुळे आणि फळे खातो. विस्तवाची ऊब त्याला आवडते, हात घातल्यावर मात्र पोळतो. पुढे एका घराला लागून असलेल्या खोपटात तो लपून राहतो आणि भिंतीच्या फटीतून घरातली माणसे पाहतो. एक आंधळे वडील, मुलगा फेलिक्स आणि मुलगी अगाथा. ही माणसे तोंडाने आवाज काढतात आणि त्या आवाजाने कोणी हसते, कोणी उदास होते, हे त्याच्या लक्षात येते. त्याला आधी विस्तव, दूध, भाकरी आणि लाकूड हे चार शब्द कळतात. त्या गरीब कुटुंबासाठी तो रात्री गुपचूप सरपण आणून ठेवतो.

मग त्या घरी साफी नावाची तरुणी येते. तिचे वडील तुर्की व्यापारी आणि आई अरब. तिच्या वडिलांना पॅरिसमध्ये शिक्षा झाली, ती गुन्ह्यापेक्षा त्यांच्या धर्मामुळे आणि श्रीमंतीमुळे, असे लेखिकेने स्पष्ट लिहिले आहे. त्यांना फेलिक्सने सोडवले होते. (मेरी कधी तुर्कस्तानात गेली नव्हती, त्यामुळे तुर्कांविषयी तिने लिहिलेल्या काही गोष्टी ऐकीव आहेत, हे वाचताना जाणवते.) साफीला त्या घरातली फ्रेंच भाषा येत नाही. फेलिक्स तिला शिकवू लागतो. पहिल्या धड्यात ती वीसेक शब्द शिकते. भिंतीपलीकडे बसलेला जीवही तेच शब्द शिकतो आणि तिच्यापेक्षा लवकर पुढे जातो. तुम्ही शाळेत मराठी शिकता. परक्या वाटणाऱ्या भाषेतला शब्द एके दिवशी अचानक ओळखीचा होतो, तो आनंद तुम्हांला ठाऊक आहे. तो आनंद मेरीने या प्रकरणांत फार बारकाईने लिहिला आहे. धड्यात अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे काय हाल झाले, ते येते, तेव्हा भिंतीच्या दोन्ही बाजूंना डोळ्यांत पाणी येते.

भाषा आल्यावर त्याला धीर येतो. एकदा बाकीचे बाहेर गेलेले असताना तो आंधळ्या वडिलांसमोर जाऊन बसतो. म्हातारा त्याचे बोलणे शांतपणे ऐकतो, त्याला मदत करायलाही तयार होतो. तेवढ्यात मुले परत येतात. अगाथा बेशुद्ध पडते, साफी बाहेर धावते आणि फेलिक्स त्याला काठीने मारतो. ज्याने चेहरा पाहिला नाही, त्या एकट्यानेच त्याचे म्हणणे ऐकले!

यानंतर तो सूड घेऊ लागतो. त्याच्या हातून व्हिक्टरचा लहान भाऊ मारला जातो आणि त्या खुनासाठी एका निरपराध मुलीला फाशी होते. पुढे तो आणखीही खून करतो. त्याने दुःख भोगले म्हणून हे खून माफ होतात, असे मला वाटत नाही. मेरीनेही त्याला निर्दोष ठरवलेले नाही.

पुस्तक १ जानेवारी १८१८ रोजी प्रसिद्ध झाले. फक्त ५०० प्रती छापल्या होत्या आणि त्यांवर लेखिकेचे नाव नव्हते. प्रसिद्ध लेखक वॉल्टर स्कॉट यांना पुस्तक आवडले, पण ते पर्सी शेलीने लिहिले असावे, असा त्यांचा समज झाला. पुस्तक एका स्त्रीने लिहिले आहे, असे एका नियतकालिकाला कळले होते. त्याने तो आणखी एक दोष मानला!

१८२३ साली लंडनच्या रंगभूमीवर या गोष्टीचे नाटक आले. जाहिरातीत राक्षसाच्या नावाच्या जागी नुसती रेघ होती. मेरी स्वतः नाटक पाहायला गेली. ती रेघ तिला आवडली. पण नाटकातला राक्षस मुका होता. १९३१ च्या अमेरिकन सिनेमात बोरिस कार्लोफ या नटाने त्याचे काम केले. चपटे डोके आणि मानेतले खिळे तेव्हापासूनचे. तोही नुसता गुरगुरतो. प्रेक्षकांनी भीतीसाठी पैसे मोजलेले असतात. राक्षस बोलू लागला, तर भीती कमी होते आणि कीव येऊ लागते. त्यामुळे त्याची भाषा काढून घेणे सोयीचे पडले असावे. पुढे लोकांनी बनवणाऱ्याचे नावही त्यालाच देऊन टाकले.

मेरीचे पुढचे आयुष्य दुःखाचे गेले. तिच्या चार मुलांपैकी एकच जगला. १८२२ साली पर्सी समुद्रात बुडून मरण पावला. १८२६ साली तिची ‘द लास्ट मॅन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. त्यात एकविसाव्या शतकाच्या शेवटी महामारीने सारी माणसे मरतात आणि एकच उरतो. तेव्हाच्या टीकाकारांनी तिची निंदा केली. २०२० साली करोना आला, तेव्हा अनेकांना ती आठवली. १ फेब्रुवारी १८५१ रोजी मेरीचे निधन झाले.

‘फ्रँकेन्स्टाईन’ तुमच्या हाती आले, तर अकरावे ते सोळावे प्रकरण आधी उघडून पाहा. १८३१ साली मेरीने सुधारलेल्या आवृत्तीत त्या जिवाचे स्वतःचे निवेदन या प्रकरणांत आहे. बर्फाच्या डोंगरावर, एका झोपडीत शेकोटीजवळ बसून तो बोलत असतो आणि व्हिक्टर ऐकत असतो.