मे दिन मायदेशी परका कसा झाला



एक मे हा दिवस आपल्याकडे दोन कारणांनी साजरा होतो. १९६० साली त्या दिवशी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, आणि कामगार दिन म्हणून तर तो त्याच्याही कितीतरी आधीपासून पाळला जात होता. पण हा कामगार दिन आला कोठून, असे विचारले म्हणजे बहुतेक जण रशियाकडे बोट दाखवतात. मॉस्कोच्या लाल चौकातील संचलनांची चित्रे वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांतून पाहिल्यामुळे हा समज पक्का झाला आहे. वस्तुतः या दिवसाचा जन्म अमेरिकेत, शिकागो शहरी झाला. आणि गंमत अशी की, जगातले पुष्कळ देश एक मेला सुटी देत असताना अमेरिकेचे सरकार मात्र ती देत नाही. तेथला श्रमिकांचा दिवस सप्टेंबरातील पहिला सोमवार. पोटच्या पोराला अमेरिकेने असे परके का ठरवले, ही हकीकत मी सांगणार आहे. अमेरिकन कोणाला म्हणायचे, या वादाचे मूळ तिच्यात सापडते.

१८८४ साली शिकागोला कामगार संघटनांच्या एका महासंघाची परिषद भरली. १ मे १८८६ पासून आठ तास हाच कामाचा कायदेशीर दिवस मानला जाईल, असा तिने ठराव केला. हा ठराव नीट पाहा. सरकारकडे अर्ज नाही, मालकाकडे विनंती नाही. दहा-दहा, बारा-बारा तास राबणाऱ्या माणसांनी तारीख ठरवून टाकली आणि दोन वर्षे तयारीला घेतली. त्याच साली आपल्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणीकामगारांची सभा भरवून रविवारची सुटी मागत होते. ती मिळायला १८९० साल उजाडले. शिकागोची वार्ता मुंबईला आणि मुंबईची शिकागोला असेल असे मला वाटत नाही. पण थकलेल्या शरीराला सगळीकडे एकच हिशेब सुचतो.

ठरल्या दिवशी अमेरिकेत सुमारे तीन लाख कामगारांनी काम थांबवले. सर्वांत मोठा जोर शिकागोचा. हे शहर परदेशांतून आलेल्या माणसांनी भरलेले; कामगारांच्या सभा जर्मन, चेक आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत होत, आणि जर्मन भाषेत त्यांचे स्वतःचे दैनिक निघे. ३ मे रोजी मॅकॉर्मिकच्या कापणीयंत्रांच्या कारखान्यापाशी पोलिसांनी गोळीबार केला व माणसे मेली. दुसऱ्या दिवशी हेमार्केट चौकाजवळ निषेधाची सभा झाली. शहराचा महापौर स्वतः हजर राहिला, सारे शांत आहे असे पोलिसांना सांगून घरी गेला. पाऊस आला, गर्दी पांगू लागली, शेवटचा वक्ता भाषण आवरीत होता. अशा वेळी पोलिसांची मोठी तुकडी चालून आली आणि कोणीतरी बॉम्ब टाकला. त्यात आणि नंतरच्या गोळीबारात सात पोलीस दगावले, आणि निदान चार नागरिक.

बॉम्ब टाकणारा कोण, हे आजतागायत सिद्ध झालेले नाही. तरी आठ जणांवर खटला चालला. त्यांनी बॉम्ब टाकला असे सरकार पक्षानेही धड म्हटले नाही. त्यांची भाषणे व लेख हाच पुरावा. सात जणांना फाशीची व एकाला पंधरा वर्षांची शिक्षा झाली. पुढे दोघांची फाशी जन्मठेपेवर आली, एकाने आदल्या दिवशी कोठडीत जीव दिला, आणि ११ नोव्हेंबर १८८७ रोजी चौघे फासावर गेले.

आता या आठांची कुळकथा पाहा. पाच जर्मनीत जन्मलेले, एक इंग्लंडात. वर्तमानपत्रांना आयतेच फावले. आठ तासांची मागणी म्हणजे परदेशातून आलेला रोग, असे रान उठले. कारखान्याच्या फाटकावर 'हा बाहेरचा माणूस' हे शब्द मी माझ्या आयुष्यात इतक्यांदा ऐकले आहेत की, हे वाचताना मला शिकागो फार दूरचे वाटले नाही. पण आल्बर्ट पार्सन्सचे काय करायचे? तो अलाबामात जन्मलेला. पोरवयात यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने, म्हणजे गुलामगिरीच्या बाजूने लढलेला. मग डोळे उघडून टेक्सासात निग्रोंच्या हक्कांसाठी उभा राहिलेला. त्याची पत्नी लूसी मिश्र वंशाची. असा संसार त्या प्रांतात टिकणे कठीण, म्हणून दोघे शिकागोला आले. बॉम्बनंतर तो निसटला होता, पोलिसांना सापडत नव्हता. खटल्याच्या पहिल्या दिवशी तो आपल्या पायांनी न्यायालयात येऊन साथीदारांशेजारी बसला. दयेचा अर्ज त्याने केला नाही. अस्सल अमेरिकन म्हणून बोट दाखवावे असा हा माणूस फासावर गेला.

१८९३ साली इलिनॉयचा गव्हर्नर आल्टगेल्ड याने उरलेल्या तिघांना मुक्त केले आणि खटला कसा पक्षपाती होता हे सविस्तर लिहून प्रसिद्ध केले. तेव्हा त्याच्याही जन्माचा उद्धार झाला, कारण तोही जर्मनीत जन्मलेला.

दरम्यान १८८९ साली पॅरिसच्या समाजवादी परिषदेने पुढल्या वर्षीच्या एक मेला देशोदेशी निदर्शने करण्याची हाक दिली. मे दिन जगाचा झाला. अमेरिकेच्या सरकारने १८९४ साली सप्टेंबरचा दिवस उचलला. हा दिवस सरकारने शोधून काढला असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल; न्यूयॉर्कच्या कामगारांनी १८८२ पासून त्याची मिरवणूक स्वतः काढली होती. परंतु वेळ पाहण्यासारखी आहे. रेल्वेचे शयनयान डबे बांधणाऱ्या पुलमन कंपनीतला संप रेल्वेभर पसरत होता. अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी २८ जूनला सुटीच्या कायद्यावर सही केली, आणि जुलै लागताच संपावर लष्कर धाडले. एक मेची तर पुढे जागाच भरून टाकली: १९५८ साली तो दिवस 'कायदा दिन' आणि 'निष्ठा दिन' म्हणून जाहीर झाला.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, सारा दोष मालकांचा व सरकारचा. तसे म्हणायला मला आवडले असते. पण 'परका' हे हत्यार कामगारांनीही उचलले. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, ते निग्रोंना दास्यातून सोडवल्याबद्दल. त्यानंतर नऊ वर्षांनी त्याच देशाने चिनी मजुरांना प्रवेशबंदी केली, आणि संघटित कामगारांनी तिला पाठिंबा दिला. ज्या चिन्यांनी डोंगर फोडून पॅसिफिकच्या बाजूची रेल्वे टाकली, त्यांच्याविरुद्धचा हा कायदा. १८८५ साली वायोमिंगमधील रॉक स्प्रिंग्ज येथे गोऱ्या खाणकामगारांनी निदान अठ्ठावीस चिनी खाणकामगारांची हत्या केली. पुलमनच्या संपात उतरलेल्या रेल्वे युनियननेही, तिचा पुढारी युजीन डेब्स विरोध करीत असताना, काळ्यांना सभासद न करण्याचे ठरवले. पुलमनच्या डब्यांत चाकरी करणारे पोर्टर काळे! ज्याला युनियनने दारात उभे केले नाही, त्याने तिच्या संपासाठी उपाशी का मरावे? पोर्टरांना आपली युनियन आपणच उभारावी लागली. फिलिप रँडॉल्फ यांनी १९२५ साली ती काढली आणि १९३७ साली पुलमनला करारावर सही करायला लावली. पुढे १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचे धुरीणही हेच रँडॉल्फ.

आठवड्याला चाळीस तासांचा पाया घालणारा कायदा अमेरिकेत १९३८ साली झाला. त्यातून शेतमजूर व घरकामगार वगळले होते, आणि या दोन्ही कामांत काळ्यांचा भरणा मोठा.

पुढे २००५ साली, कागदपत्रांवाचून राहणाऱ्या परदेशी मजुरांना गुन्हेगार ठरवणारे एक विधेयक अमेरिकेत आले. २००६ साली ते मजूर व त्यांचे पाठीराखे शिकागो, लॉस एंजेलिस व इतर शहरांतून लाखांनी रस्त्यावर उतरले. दिवस निवडला एक मे. त्यांतले पुष्कळ मेक्सिकोचे, आणि मेक्सिकोत एक मे हा कामगारांचा सण. त्यांना तो शिकवावा लागला नाही. घोषणा स्पॅनिश भाषेत चालल्या होत्या, आणि हातांत झेंडे बहुतेक अमेरिकेचे होते.