खारामागचा धातू

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर नांदगाव पेठ हे गाव आहे. वऱ्हाडातील इतर गावांप्रमाणे तेथेही घरोघरी एक नवल नित्य घडत असते. परंतु ते कोणाच्या खिजगणतीत नसते. जेवताना सदऱ्यावर वरणाचा डाग पडतो. धुताना त्या पिवळ्या डागावर साबण घासला, की डाग निघण्याऐवजी एकाएकी लाल होतो. भरपूर पाण्यात खळबळला, की पुन्हा पिवळा दिसू लागतो. लहान मूल तो लाल रंग पाहून घाबरते, मोठी माणसे हसतात आणि आपापल्या कामाला लागतात. हळदीचा रंग पालटतो कशाने, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

विचारणाऱ्यास उत्तर स्वयंपाकघरातच सापडते. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवावी, तीत पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या बुडवाव्या आणि त्या सावलीत वाळवाव्या. मग एकेका पट्टीवर निरनिराळ्या पदार्थांचे पाणी थेंबथेंब टाकून पाहावे. लिंबाच्या रसाने पट्टी पिवळीच राहते. मिठाच्या पाण्यानेही पिवळीच राहते. पापडखार, धुण्याचा सोडा, साबण आणि खाण्याचा चुना यांच्या पाण्याने ती तांबडी होते. तांबड्या झालेल्या पट्टीवर लिंबू पिळले, तर ती पूर्ववत पिवळी होते. हळद लाल करणाऱ्या या पदार्थांना शास्त्रात अल्कधर्मी म्हणतात. घरगुती भाषेत त्यांतील बहुतेकांना खार म्हणतात. मीठ खारट असते, पण खार नसते, हा भेद जिभेपेक्षा हळदीला अधिक कळतो.

येथे एखादा चौकस विद्यार्थी असे अनुमान काढील, की पापडखारात, सोड्यात आणि चुन्यात एकच मूलद्रव्य असले पाहिजे. अनुमान मोहक आहे. परंतु ते चुकीचे आहे. पापडखार आणि सोडा यांत सोडियम हे मूलद्रव्य असते, तर चुन्यात कॅल्शियम असते. हळद मूलद्रव्य ओळखीत नाही, केवळ पदार्थाचा अल्कधर्म ओळखते. तेव्हा मूलद्रव्य ओळखण्यासाठी दुसरी खूण शोधणे भाग पडते.

तीही घरातच आहे. गॅसच्या शेगडीवर वरण उतू जाते, तेव्हा शांत निळी ज्योत ठिकठिकाणी झळझळीत पिवळी होते. हा पिवळेपणा हळदीचा नव्हे, वरणातील मिठाचा असतो. वडील माणसाला जवळ घेऊन पोलादाच्या ओल्या तारेवर मिठाचे चार कण घ्यावे आणि तार निळ्या ज्योतीत धरावी. ज्योत पिवळी होते. तार धुऊन पापडखार घ्यावा, नंतर धुण्याचा सोडा घ्यावा. प्रत्येक वेळी तोच पिवळा रंग उमटतो. चुन्याने मात्र ज्योतीला विटकरी छटा येते. हळदीने ज्यांना एकत्र बसविले, त्यांना ज्योतीने वेगळे केले. आणि हळदीने ज्याला दूर ठेवले ते मीठ पापडखाराच्या पंगतीत येऊन बसले. महामार्गांवर आणि शहरांच्या रस्त्यांवर पूर्वी पिवळ्या उजेडाचे दिवे सर्रास असत. त्यांतील पुष्कळांच्या नळीत सोडियमचीच वाफ विजेच्या योगाने प्रकाशत असे.

सोडियम स्वतः दिसते तरी कसे? निसर्गात ते कधीच सुटे सापडत नाही, म्हणून कित्येक शतके माणसे ते खात असूनही कोणी ते पाहिले नव्हते. १८०७ साली लंडनमध्ये हम्फ्री डेव्ही या तरुण शास्त्रज्ञाने प्रथम पोटॅशियम हा धातू विजेच्या साहाय्याने वेगळा केला. त्याचे चकाकणारे गोळे दिसताच तो प्रयोगशाळेत आनंदाने नाचू लागला, अशी आठवण त्याच्या चुलतभावाने लिहून ठेवली आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने दाहक सोड्यातून विजेचा प्रवाह सोडून सोडियम मिळविले. हा धातू चांदीसारखा चकाकतो, पण इतका मऊ असतो, की सुरीने कापता येतो. पाण्यावर टाकला तर बुडत नाही. सूं सूं आवाज करीत इकडून तिकडे धावतो, त्यातून हायड्रोजन वायू सुटतो आणि प्रसंगी स्फोटही होतो. म्हणून प्रयोगशाळेत त्याला रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. हा प्रयोग घरी करावयाचा नाही.

मिठातील त्याचा सोबती याहून भयंकर आहे. क्लोरीन हा हिरवट पिवळा विषारी वायू होय. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममधील ईप्र गावाजवळ तो सैनिकांवर सोडण्यात आला होता. पाण्यात पेटणारा धातू आणि जीव घेणारा वायू यांचा संयोग झाला, की आमटीला चव आणणारे मीठ होते. मूलद्रव्ये संयुगात शिरताना आपले मूळचे गुण दाराबाहेर ठेवून येतात, असेच म्हणावे लागते.

याच सोडियमचे कापसाशीही नाते आहे. वऱ्हाड ही कापसाची भूमी, आणि नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत वस्त्रोद्योगाचे कारखाने उभे आहेत. शेतातील बोंडातून काढलेला कापूस वाटीभर पाण्यावर ठेवून पाहावा. तो कितीतरी वेळ कोरडाच तरंगत राहतो. औषधाच्या दुकानातील कापूस मात्र क्षणात भिजून बुडतो. कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणासारखा पातळ थर असतो, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. तो थर काढण्यासाठी कापूस किंवा कापड दाहक सोड्याच्या पाण्यात उकळतात. त्याशिवाय कापडावर रंग नीट चढत नाही. म्हणजे अंगातल्या रंगीत सुती सदऱ्यामागेही सोडियमचे संयुग राबलेले असते.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर तर या संयुगांची कोठीच होय. उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात झालेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. आत आलेल्या पाण्याला बाहेर जाण्यास वाट नाही. ऊन पाणी नेते आणि क्षार मागे ठेवते. या पाण्यात मीठ आहे आणि सोडियमचे कार्बोनेटही आहे, म्हणून ते खारट आणि अल्कधर्मी दोन्ही आहे. साबण आणि काच यांना लागणारी द्रव्ये येथे मिळतात, ही गोष्ट अकबराच्या काळातील ‘ऐन-इ-अकबरी’तही नमूद आहे. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले. तो रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा होता, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील तपासणीत आढळले. प्राचीन इजिप्तमध्ये अशाच आटलेल्या तळ्यांतून मिळणारा नेट्रॉन नावाचा क्षार मृतदेह सुकविण्यासाठी वापरीत. त्या नावाशी नाते सांगणाऱ्या नेट्रियम या शब्दावरून सोडियमला एनए ही संज्ञा मिळाली.

परंतु वऱ्हाडात सोडियमची खरी ओळख खारपाणपट्ट्यात पटते. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या भागांतील कित्येक गावांत विहिरीला पाणी लागते, पण ते पिववत नाही. ते उकळूनही उपयोग होत नाही, कारण उकळताना पाणी वाफ होऊन जाते आणि मीठ भांड्यात राहते. उरलेले पाणी उलट अधिकच खारट होते. भर उन्हाळ्यात विहिरीत पाणी दिसत असता गोड पाण्याचा हंडा दुरून आणावा लागणे, हे या भागातील बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे. वान धरणाचे पाणी नळांनी आले, तेव्हा अकोट-तेल्हारा भागातील अनेक गावांची ही पायपीट कमी झाली.

शेताला तरी हे पाणी चालावे, तर तेही नाही. काळ्या मातीचे कण अतिसूक्ष्म असतात. कॅल्शियम त्यांना एकमेकांशी बांधून ठेवते, म्हणून मातीत पोकळी राहते आणि पाणी मुरते. कॅल्शियमच्या जागी सोडियम येऊन बसले, की कण सुटे होतात, पोकळी बुजते, माती ओलेपणी चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी होते. खाऱ्या पाण्याने वारंवार ओलीत केल्यास हेच घडते.

हा झगडा दोन पेल्यांत पाहता येतो. दोन्हींत पाणी घेऊन चमचाभर बारीक काळी माती ढवळावी. एकात धुण्याचा सोडा आणि दुसऱ्यात तितकीच जिप्समची पूड घालावी, पुन्हा ढवळून पेले रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी सोड्याच्या पेल्यातील पाणी गढूळच दिसते. जिप्समच्या पेल्यात मात्र मातीचे कण गोळा होऊन तळाशी बसतात आणि वरचे पाणी निवळलेले असते.

जिप्सम हे कॅल्शियमचे संयुग आहे. म्हणूनच अशा जमिनीत शेतकरी पावसाळ्यापूर्वी जिप्सम टाकतात. कॅल्शियम सोडियमला मातीवरून हुसकून लावते आणि सुटलेले सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर चरांतून नाल्याकडे वाहून जाते. चर नसतील, तर मात्र ते तेथेच घुटमळत राहते आणि सारा खर्च वाया जातो. काही शेतकऱ्यांनी मातीच्या या दोषाचाच उपयोग करून घेतला आहे. ज्या मातीत पाणी मुरत नाही, तीत शेततळे खोदले तर पाणी टिकते. पावसाळ्यात भरलेल्या अशा तळ्यातील पाणी गोडे असते, आणि पाऊस ओढ देतो तेव्हा कपाशीला किंवा हरभऱ्याला तेच एखाददुसरे ओलीत मिळते.