गव्हाण थंडावलेले वालचंदनगर

वालचंदनगर हे इंदापूर तालुक्यात, नीरा नदीच्या डाव्या तीरावर, कळंबच्या शिवारात वसलेले कारखान्याचे गाव. नदीपलीकडे सोलापूर जिल्ह्यातला माळशिरस तालुका लागतो. बारामतीहून इंदापूरकडे जाताना जंक्शन नावाचा चौक येतो आणि तिथून एक फाटा वालचंदनगरला जातो. नाव जंक्शन असले तरी तिथे रेल्वे नाही, वालचंदनगरलाही नाही. माणसांची ये-जा आणि यंत्रांची वाहतूक रस्त्याने.

हा भाग पर्जन्यछायेतला. 1876-77च्या दुष्काळानंतर सरकारने नीरेचा डावा कालवा काढला, 1885मध्ये त्याला पाणी आले, आणि ज्वारी-बाजरीच्या माळावर ऊस उभा राहिला. गुऱ्हाळे वाढली. 1932मध्ये देशी साखरेला आयात करापासून संरक्षण मिळाले, तेव्हा भांडवलदारांचे लक्ष या पट्ट्याकडे वळले. सोलापूरचे वालचंद हिराचंद (1882-1953) त्यांच्यातले अग्रणी. जहाजे, विमाने आणि मोटारी यांच्या कारखान्यांमुळे त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. मालेगाव तालुक्यात रावळगावला त्यांनी ऊसमळा आणि साखर कारखाना उभारला. कळंबच्या माळावर 1930च्या दशकात तेच साधले. मार्सलंड प्राइस ही त्यांच्या ताब्यातली बांधकाम कंपनी इथल्या उभारणीमागे होती. तिचेच पुढे वालचंदनगर इंडस्ट्रीज झाले.

माळावर कारखाना काढायचा तर गावही काढावे लागते. कामगारांच्या चाळी, अधिकाऱ्यांचे बंगले, दवाखाना, बाजार, जैन मंदिर, वर्धमान विद्यालय असा पसारा उभा राहिला. घर कंपनीचे, दिवे कंपनीचे, नळही कंपनीचा. आजूबाजूच्या गावांत प्यायच्या पाण्यासाठी बायका विहिरीवर रांगा लावत, त्या काळात आखीव रस्त्यांची आणि झाडांच्या सावलीतली ही वसाहत पाहुण्यांना कौतुकाने दाखवली जाई. मात्र राहते घर कधीच स्वतःचे झाले नाही. नोकरी संपली की क्वार्टर सोडायचे, हा नियम. ज्यांचे बालपण, लग्न आणि मुलांच्या शाळा इथेच झाल्या, त्यांना निवृत्तीनंतर जंक्शनला, बारामतीला नाहीतर मूळ गावी घर शोधावे लागे. गावाच्या ओहोटीचे बीज या नियमातच होते.

दुसरे बीज जमिनीत होते. कारखान्याच्या उसासाठी शेतकऱ्यांनी जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने दिल्या, म्हणून ते खंडकरी. 1961च्या कमाल जमीन धारणा कायद्याने खासगी साखर कंपन्यांच्या शेतजमिनी सरकारने घेतल्या आणि 1963मध्ये त्या कसण्यासाठी शेती महामंडळ स्थापन झाले. इथल्या मळ्यांवर महामंडळाचा रत्नपुरी मळा झाला. कारखान्याच्या हातून हक्काचा ऊस गेला. मूळ मालकांना जमीनही मिळाली नाही. महामंडळ तोट्यात रुतले, मळ्यांवरचे कामगार घरी बसले. खंडकऱ्यांचा लढा दोन पिढ्या चालला आणि 2012मध्ये कुठे जमीनवाटपाला वेग आला. ज्यांनी खंडाच्या कागदावर अंगठा उठवला होता, त्यांच्यातले बहुतेक तोवर हयात नव्हते. इतक्या उशिराच्या न्यायाचे समाधान मानणे कठीण आहे.

तरीही गाव तगले, ते यंत्रशाळेच्या जोरावर. स्वतःच्या कारखान्याची दुरुस्ती करता करता इथले कारागीर नवी यंत्रे घडवू लागले. साखर कारखान्याचा मिल रोलर पाहिला की हे काम काय तोलाचे होते ते कळते. मधोमध घडीव पोलादाचा दांडा, त्यावर बिडाचे जाड कवच. कवचाचे भोक दांड्यापेक्षा केसभर लहान ठेवतात. मग कवच तापवून फुगवायचे, दांडा त्यात उभा सोडायचा आणि निवू द्यायचे. निवताना कवच दांड्याला असे आवळते, की हजारो टन ऊस पिळला तरी सरकत नाही. माप जास्त सैल झाले तर ऐन हंगामात रोलर घसरतो, जास्त घट्ट झाले तर कवच तडकते. नंतर लेथवर रोलरभर खाचा पाडायच्या, म्हणजे मोळी धरली जाते आणि रस खाली वाहतो. पुस्तकात हे आकडे असतात. हाताला ते अनेक वर्षांनी येतात.

सहकारी कारखानदारी वाढली तसा या यंत्रांना मोठा ग्राहक मिळाला. 1950मध्ये प्रवरानगरला सुरू झालेली चळवळ काही वर्षांतच नीरेकाठी आली: बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती. त्या कारखान्यांचा ऊस सभासदांचा. वालचंदनगरच्या गव्हाणीला, म्हणजे कारखान्यात ऊस टाकायच्या जागेला, मात्र स्वतःचे मळे उरले नव्हते आणि शेजारचा ऊस दुसरीकडे बांधलेला होता. अखेर इथले गाळप बंद पडले. गळीत हंगामाचा गोडसर, मळीचा उग्र वास गेला, बैलगाड्यांच्या रांगा गेल्या, ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या उठल्या. पुढे राज्यभर कारखाने दाटले, तशी नव्या साखर यंत्रांची मागणीही ओसरली.

यंत्रशाळा मात्र चालू आहे. अणुऊर्जा, नौदल आणि अवकाश या क्षेत्रांची कामे ती अनेक दशके करत आली आहे. पीएसएलव्ही प्रक्षेपकाच्या पहिल्या टप्प्याची 2.8 मीटर व्यासाची पोलादी आवरणे इथे घडली. 2008मध्ये चांद्रयान नेणारा प्रक्षेपक त्याच जातीचा. पण अशा कामाला निवडक निष्णात वेल्डर आणि मशिनिस्ट पुरतात. उसाच्या कारखान्याला लागणारी हजारोंची वस्ती त्यावर पोसली जात नाही. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी 2001मध्ये बंद झाल्या, तेव्हा तिथल्या वसाहतीवर असेच दिवस आले. किर्लोस्करवाडी हीही अशीच कारखान्याची वसाहत, 1910मध्ये वसली, पण तिच्या दाराशी रेल्वे होती.

तरुणांची वाट आता बारामतीकडे जाते. तिथे औद्योगिक वसाहत आहे, महाविद्यालये आहेत, कर्ज काढून का होईना स्वतःच्या नावावर घर होते. वसाहतीत कौलांवर पिंपळ उगवतात आणि रिकाम्या घरांची दारे वाळवी खाते. या घरांची, जुन्या यंत्रांची आणि कारागिरांच्या आठवणींची नीट नोंद व्हायला हवी; महाराष्ट्राच्या साखरेचा इतिहास लिहिताना या गावाला एखाद-दुसरी ओळच मिळते, हे फार खटकते.

हंगामात जंक्शनच्या चौकात आजही उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ असते. तो ऊस भवानीनगरला किंवा त्याहून दूर जातो.