मागच्या रांगेतला हॉर्न

रेडिओवर गाणं लागलं की गायिका कोण, हे आपण पहिल्या ओळीलाच ओळखतो. संगीतकाराचं नावही बहुधा तोंडावर असतं. पण दोन कडव्यांच्या मध्ये जो ट्रंपेट जिवाला चटका लावून जातो तो कुणी वाजवला, असं आपण कधी विचारतो का? मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याच्या कितीतरी वादकांनी असंच आयुष्य काढलं. सी. रामचंद्रांच्या गाण्यांमुळे चिक चॉकलेट यांचं नाव तरी उरलं. बाकीचे आले, वाजवलं, बिदागी घेतली आणि घरी गेले.

आज ज्याची गोष्ट सांगायची आहे तो अशाच वादकांपैकी एक, पण दूर अमेरिकेतला. नाव ज्युलियस वॉटकिन्स. वाद्य फ्रेंच हॉर्न, आणि तेही जॅझमध्ये! ही जोडी किती विजोड, हे कळायला आधी त्या वाद्याची ओळख करून घ्यायला हवी.

फ्रेंच हॉर्न म्हणजे गोल गुंडाळलेली पितळी नळी. ती उलगडून सरळ केली तर बारा फूट, म्हणजे चांगली चार वार भरते. आपल्या पाचवारीपेक्षा वारभरच कमी! डाव्या हाताच्या बोटांनी चाव्या दाबायच्या आणि उजवा हात कर्ण्याच्या तोंडात घालायचा. कर्ण्याचं तोंड मागे वळलेलं, त्यामुळे सूर श्रोत्यांकडे न जाता आधी मागच्या भिंतीकडे जातो. वरच्या पट्टीतले सूर इतके जवळजवळ असतात, की ओठ जरासे चुकले तर भलताच सूर निघतो. आवाज मऊ, गंभीर, दूरच्या डोंगरातून आल्यासारखा. मूळ शिकारीच्या शिंगापासून आलेलं हे वाद्य सिंफनी वाद्यवृंदात रुळलं. जॅझला हवा असतो चटपटीतपणा, नेमक्या क्षणी पडणारा खणखणीत सूर. नऊवारी नेसून फुगडी घालता येते, पण धावण्याच्या शर्यतीत उतरायचं म्हणजे काय, तसलाच हा प्रकार!

वॉटकिन्सचा जन्म डेट्रॉइट शहरातला, १० ऑक्टोबर १९२१चा. नवव्या वर्षी त्याने शाळेत हॉर्न हातात घेतला आणि त्यातच जीव गुंतला. पण शिकून करायचं काय? हॉर्नवाल्याला पोट भरण्याची हक्काची जागा एकच, सिंफनी वाद्यवृंद. आणि वॉटकिन्स काळा होता. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद १८४२ साली स्थापन झाला. त्यात पहिला काळा कायम वादक, व्हायोलिनवाला सॅनफर्ड ॲलन, शिरला तो १९६२ साली. एकशेवीस वर्षांनी! बायकांची कथाही फार निराळी नव्हती. १९६६ साली ओरिन ओब्रायन डबल बास घेऊन तिथे दाखल झाल्या, तेव्हा साऱ्या वाद्यवृंदात त्या एकट्याच स्त्री होत्या.

म्हणजे पाहा, ज्या घरात हॉर्नला जागा होती तिथे या माणसाला जागा नव्हती, आणि ज्या घरात माणसाला जागा होती तिथे हॉर्नला नव्हती. १९४३ ते १९४६ तो अर्नी फील्ड्सच्या बँडमध्ये होता, पण हॉर्न बाजूला ठेवून ट्रंपेट वाजवत! पुढे न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमध्ये तो पुन्हा शिकायला बसला. तोवर जॅझमध्ये हॉर्न थोडा दिसू लागला होता. क्लॉड थॉर्नहिल याने तो आपल्या वाद्यवृंदात घेतला होता, माइल्स डेव्हिसनेही १९४९-५०च्या आपल्या गाजलेल्या ध्वनिमुद्रणांत घेतला. पण तो बहुतेक मागे रंग भरायला, भाजीत खोबरं घालावं तसा. वॉटकिन्सला पुढे येऊन सोलो वाजवायचा होता, सॅक्सोफोन आणि ट्रंपेटच्या बरोबरीने.

संधी आली ती दुसऱ्याच्या आजारपणातून. तारीख १३ नोव्हेंबर १९५३, वार शुक्रवार. तेरा तारखेचा शुक्रवार पाश्चात्त्य लोक अशुभ मानतात. थेलोनियस मंक या थोर पियानोवादकाचं ध्वनिमुद्रण होतं आणि ऐनवेळी ट्रंपेटवाला रे कोपलंड आजारी पडला. मग बोलावणं गेलं वॉटकिन्सला. मी अर्धवेळ शिक्षिका आहे. कुणी रजेवर गेलं की ‘बाई, तेवढा तास घ्याल का?’ हा निरोप मला नवा नाही. तयारी करायला वेळ नसतो आणि वर्ग मात्र समोर बसलेला असतो. वॉटकिन्स गेला. सॅक्सोफोनवर सनी रोलिन्स आणि चाली मंकच्या, म्हणजे भल्याभल्यांना घाम फोडणाऱ्या. त्या दिवशी जी चाल बराच वेळ घोळवत वाजवली तिचं नावच ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ पडलं. आजही ती तबकडी ऐकली जाते आणि त्यात हॉर्न आहे तो या बदली आलेल्या माणसाचा.

१९५४ आणि १९५५मध्ये ब्लू नोट कंपनीने त्याच्या स्वतःच्या नावाने तबकड्या काढल्या. १९५६ साली सॅक्सोफोनवादक चार्ली राउझबरोबर त्याने ‘ले जॅझ मोड्स’ हा स्वतःचा संच उभा केला. हॉर्न, सॅक्सोफोन आणि कधी शब्दांवाचून गाणारी स्त्री-गायिका, असा तो आगळा मेळ होता. पण संच चालला नाही. १९५९मध्ये तो मोडला. राउझ मंककडे गेला आणि तिथे त्याचं नाव झालं. हॉर्नवाल्याला तशी कायमची जागा कोण देणार?

वॉटकिन्स क्विन्सी जोन्सच्या मोठ्या बँडबरोबर युरोपला गेला. ‘फ्री अँड ईझी’ नावाच्या संगीत नाटकासाठी हा ताफा निघाला होता. १९६०च्या सुरुवातीला पॅरिसमध्ये नाटकच बंद पडलं आणि सगळे परमुलखात अडकले. जोन्सने कर्ज काढून गावोगावी कार्यक्रम लावले आणि कित्येक महिने बँड जगवला. या ताफ्यात दोन बायकाही होत्या, बरं का! ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या आणि संगीतरचना बांधणाऱ्या मेल्बा लिस्टन, आणि पियानोवर पॅटी बाउन.

एरवी वॉटकिन्सचं आयुष्य म्हणजे स्टुडिओ. एक सेशन साधारण तीन तासांचं. समोर कागद येतो, तो तिथल्या तिथे वाचून बिनचूक वाजवायचा. माइल्स डेव्हिस आणि गिल इव्हान्स यांच्या १९५८च्या ‘पोर्गी अँड बेस’मध्ये तो आहे, जॉन कोल्ट्रेनच्या १९६१च्या ‘आफ्रिका/ब्रास’मध्येही आहे. या तबकड्या जगभरच्या घरांत पोहोचल्या, पण वेष्टनावर मोठं नाव दुसऱ्याचं. ४ एप्रिल १९७७ रोजी, अवघ्या ५५व्या वर्षी तो गेला. पुढे नव्या पिढीच्या हॉर्नवादकांनी त्याच्या नावाने जॅझ हॉर्नचा महोत्सव भरवला. जिथे या वाद्याला बसायला खुर्ची नव्हती, तिथे त्याच्या नावाने मेळावा भरला!

मैत्रिणींनो, हे वाचून ‘बिचारा!’ म्हणावंसं वाटेल. मलाही आधी तसंच वाटलं. आपल्याही घरात स्वयंपाकाचं कौतुक होतं, पण मसाला कुणी कुटला, हे कोण विचारतं? मागे राहून काम करणं चांगलंच, असं म्हणून मी तुमची समजूत घालणार नाही. श्रमाला नाव मिळायलाच हवं, आणि त्याला ते जिवंतपणी पुरेसं मिळालं नाही, हा अन्यायच. पण एक गोष्ट त्याच्या हातात होती आणि ती त्याने सोडली नाही. ट्रंपेट वाजवून त्याला सुखाने जगता आलं असतं. तो हॉर्नकडेच परत आला. आणि बदली म्हणून बोलावलं तरी बदलीसारखं वाजवलं नाही.

आता मोबाइलवर या तबकड्या सहज ऐकता येतात. दुपारची कामं आटोपली की ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ लावून पाहा. मुलांनाही बसवा जवळ. सॅक्सोफोनच्या पाठीमागून एक मऊ, घुमणारा आवाज येईल. तो कुणाचा, असं मुलांनी विचारलं तर नाव सांगा. तेवढं तरी आपण करूच शकतो. आणि पुढच्या वेळी आपल्या आवडत्या गाण्यात व्हायोलिन किंवा बासरी आली, की तीही कुणाची, हे जरा शोधून काढा.